ध्रुवीय बर्फासाठी 50 मिलीची पॉलिप्रोपिलीन नळी: गोव्याच्या हवेत कितपत चालते?

बर्फाच्या गाभ्यातले, म्हणजे ध्रुवावर खोल खोदून काढलेल्या बर्फाच्या दंडगोलातले, आयन (क्षारांचे विद्युतभारित कण) मोजायचे असतील तर काचेच्या बाटल्या आधी बाजूला ठेवा. काचेतून सोडियम पाझरतं, आणि अंटार्क्टिकाच्या आतल्या भागातल्या बर्फात सोडियम असतं ते जेमतेम काही दहा पीपीबी (अब्जात एक भाग). फिरकीच्या झाकणाची 50 मिलीची पॉलिप्रोपिलीन नळी या कामाला खरोखर चांगली. तोंड रुंद, त्यामुळे 2 सेंटिमीटर जाडीचा तुकडा न फोडता आत जातो. 15 मिलीच्या नळीत तो जातच नाही.

पाकिटावरच्या ‘निर्जंतुक’ या शब्दावर मात्र विसंबू नका. जंतू नाहीत म्हणजे आयन नाहीत असं नव्हे. नळी आणि झाकण 18.2 मेगाओम-सेंमीच्या, म्हणजे जवळपास आयनमुक्त अशा अतिशुद्ध पाण्याने तीनदा विसळा, त्याच पाण्याने भरून रात्रभर ठेवा, ओतून लॅमिनार फ्लोखाली (गाळलेल्या हवेच्या संथ झोताखाली) वाळवा. दर नव्या पाकिटातल्या पाच नळ्या ब्लँक म्हणून, म्हणजे नमुन्याऐवजी नुसतं शुद्ध पाणी भरून, आयन क्रोमॅटोग्राफवर (आयन वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) चालवा. ब्लँकचं सोडियम नमुन्याच्या दहाव्या हिश्शाहून जास्त आलं, तर ते पाकीट वापरू नका.

एवढी काटेकोरी कशाला? समुद्री मिठातलं सल्फेट वजा करताना सोडियमला 0.25 ने गुणतात. उरतं ते सल्फेट मुख्यतः ज्वालामुखींचं आणि सागरी प्लवकांचं. नळीने 40 पीपीबी सोडियम वाढवलं, की 10 पीपीबी सल्फेट हिशेबातून नाहक जातं. 1815च्या तांबोरा ज्वालामुखीच्या उद्रेकाची सल्फेटमधली उसळी तरीही दिसेल; लहान उद्रेक पुसले जातील. शिवाय ते फुगलेलं सोडियम त्या थरात समुद्री मीठ जास्त पोचल्याचं खोटंच सांगेल.

गोव्यात नळीपेक्षा हवाच जास्त छळते. समुद्राच्या पाण्याचा एक थेंब 50 लिटर शुद्ध पाण्यात पडला, तरी सोडियम 10 पीपीबीवर जातं. आणि वास्कोच्या हेडलँड सड्यावर, जिथे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे, वारा समुद्रावरूनच येतो. उणे 20 अंशांच्या खोलीतून काढलेल्या नळीवर पावसाळ्यात लगेच दव धरतं, आणि झाकण उघडताना ते आत ओघळू शकतं. म्हणून बर्फ बंद नळीत, दुहेरी पिशवीतच वितळवा; पिशवी लॅमिनार फ्लोखालीच उघडा. नायट्राइल हातमोज्यांतून नायट्रेट येतं, तेव्हा त्यांवर पॉलिथिनचे चढवा.

मोठा दोष एकच: थंडीत पॉलिप्रोपिलीन ठिसूळ होतं. शीतखोलीत नळी फरशीवर पडली की केसाएवढी चीर जाते, आणि ती कळते बर्फ वितळून पाणी गळायला लागल्यावर. पडलेली नळी धडधाकट दिसली तरी तुकडा लगेच दुसरीत घाला.