एक्सबॉक्स अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर: हाताच्या व्यायामासाठी कितपत कामाचा?

हालचाली मर्यादित असलेल्यांसाठी मायक्रोसॉफ्टने २०१८ साली आणलेल्या या गेम-कंट्रोलरची खरी करामत मागच्या बाजूला आहे: ३.५ मिमीचे १९ जॅक (वायर खुपसायची भोकं). त्यांत बाहेरचे स्विच जोडता येतात, म्हणजे हात जिथे पोचायला हवा तिथेच गेमचं बटण मांडता येतं. कोपर पूर्ण सरळ होण्याच्या किंचित अलीकडे स्विच ठेवा. फार लांब गेला की पेशंट हात ताणण्याऐवजी कंबरेतून झुकतो आणि व्यायाम वाया जातो. खाली वेल्क्रो हवंच, नाहीतर दोन फटक्यांत स्विच सरकतो. सुरुवातीला एकच स्विच द्या, बाकीची बटणं को-पायलट सुविधेने (दोन कंट्रोलर मिळून एकासारखे चालतात; आता तिचं नाव ‘कंट्रोलर असिस्ट’) सोबत्याच्या कंट्रोलरवर. स्विच वेगळे विकत घ्यावे लागतात, हे खटकतं. शिवाय जोर किंवा सांध्याचा कोन हा मोजत नाही. ती नोंद थेरपिस्टनेच ठेवायची.