वजनकाट्यावरची पाण्याची बाटली: मुलांच्या आरोग्य-संशोधन वर्गाचा अनुभव

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी नात शाळेतून आली, दप्तर सोफ्यावर टाकलं आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन पाण्याची बाटली वजनकाट्यावर ठेवली. सकाळी निघतानाही तिने हेच केलं होतं. रिकाम्या बाटलीचं वजन वजा करून तिने वहीत मांडलं: सकाळी 1000 ग्रॅम, दुपारी 870. पाण्याचा एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर, हिशेब सोपा. सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत पोरीच्या पोटात 130 मिलिलिटर पाणी गेलं होतं. आमच्या घरातला चहाचा कप तेवढाच आहे.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये एकतीस वर्षं काम केलं. तो आकडा बघून मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

हे वजन करणं ज्या वर्गातून आलं, त्या वर्गाबद्दल लिहिते आहे. आमच्याकडे इंदूरला लोकमान्य नगरच्या बाजूला एका लहानशा संस्थेने तो चालवला. आठ रविवार, दर रविवारी अडीच तास, वय 13 ते 17. फी 600 रुपये. मागच्या वस्तीतल्या मुलांना फी नाही. गणपती मंडळाच्या हॉलमध्ये सतरंज्या टाकून बारा मुलं बसायची, शिकवायला दोन ताई आणि एक सर. मुलांनी आपल्याच आसपासच्या आरोग्याचा एखादा प्रश्न निवडायचा, त्याची माहिती स्वतः गोळा करायची आणि उत्तर ज्यांच्या हातात आहे त्यांच्यापुढे ती मांडायची, असं एकंदर स्वरूप. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि त्यांतल्या काही त्यांनी मनावर घेतल्या आहेत.

पहिल्या रविवारी पालकांनाही बोलावलं होतं. ताईंनी फळ्यावर एक शिडी काढली. रॉजर हार्ट यांनी 1992 मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागावर जे लिहिलं, त्यातली ही आठ पायऱ्यांची शिडी. खालच्या तीन पायऱ्यांवर मुलांना मोठे आपल्या कामासाठी वापरून घेतात, शोभेला उभं करतात किंवा नावापुरतं बसवतात. हार्ट याला सहभाग मानतच नाहीत. चौथ्या पायरीवर काम मोठ्यांनी सोपवलेलं असतं, पण ते कशासाठी हे मुलांना नीट माहीत असतं. सहाव्या पायरीवर सुरुवात मोठ्यांची, पण निर्णय मुलांना बरोबर घेऊन. परीक्षणात तारे देण्यापेक्षा मी हा वर्ग याच शिडीने मोजते. मोजपट्टी त्यांचीच आहे.

सुरुवात चौथ्या पायरीवर झाली. संस्थेने विषय ठरवून आणला होता: बाहेरचं खाणं. छापील प्रश्नावलीही तयार होती. इंदूरच्या मुलांना कचोरी किती खाता असं विचारलं की ती काय उत्तर देणार? मुलं आळसावली. तेवढ्यात वस्तीतून येणारी एक मुलगी म्हणाली, "दीदी, खाने का छोड़ो, हम लोग तो स्कूल में पानी ही नहीं पीते." का, तर बाथरूमला जावं लागू नये म्हणून. कडी तुटलेली आहे, एकीने आत जायचं तर दुसरीने बाहेर दार धरून उभं राहायचं. मग आमची नात मान हलवायला लागली. मग तिच्या शेजारची. तीन वेगवेगळ्या शाळांच्या मुली होत्या, मोठी फी घेणाऱ्या शाळेतलीही होती.

ताईंनी छापील कागद गोळा करून पिशवीत ठेवले आणि फळा पुसला. एवढ्या एका गोष्टीसाठी मी त्यांना मनापासून मानते. पुढचे पाच रविवार वर्ग सहाव्या पायरीवर होता.

मला जेवण का गेलं नाही, ते सांगते. उन्हाळा सरून शाळा सुरू झाल्या की लॅबमध्ये शाळकरी मुली आयांबरोबर लघवीच्या तपासणीला यायच्या. मी त्यांना डबी द्यायची, पहिली धार सोडून मधली घ्यायला सांगायची. नमुना मॅकॉन्की प्लेटवर, म्हणजे जंतू वाढवायच्या थाळीवर लावायचा, दुसऱ्या दिवशी जंतूंच्या गुलाबी वसाहती दिसल्या की बहुतेक वेळा ई. कोलाय, हा आतड्यातला जंतू. एका मिलिलिटरमध्ये एक लाखाच्या वर जंतू असले की रिपोर्ट लिहायचा, कोणतं औषध लागू पडतं ते खाली लिहायचं, पुढचा नमुना घ्यायचा. मुलींचा मूत्रमार्ग आखूड असतो, पाणी कमी प्यायलं आणि लघवी तासन् तास दाबून धरली की जंतूंना वाढायला वेळ मिळतो, हे मला पाठ होतं. पण "शाळेत बाथरूमला जातेस का गं?" असं मी एकाही मुलीला विचारलं नाही. रिपोर्टात तो रकानाच नव्हता. तेरा वर्षांच्या मुलीने फळ्यासमोर बसून तो रकाना आखला.

आता पद्धतीबद्दल, कारण या वर्गाचं खरं मोल तिथे आहे. "दिवसाला किती पाणी पिता?" असं विचारलं तर सगळे आठ ग्लास सांगतात, पुस्तकात वाचलेलं. मुलांनी घरच्या घरी आठवडाभर विचारून पाहिलं आणि हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणून बाटली वजन करायची, ही कल्पना त्यांचीच. चार दिवसांत त्यातही खोट सापडली: एका मुलीची बाटली रोज रिकामी यायची, पण ते पाणी ती हात धुवायला वापरायची. दुसरी मैत्रिणीला प्यायला द्यायची. मग वहीत रकाना वाढला, "पानी किसने पिया, कहाँ गया?" सरांनी उत्तर सांगितलं नाही, फक्त विचारलं, "ही बाटली खोटं बोलू शकते का?" असं शिकवणं मी कॉलेजातही पाहिलं नव्हतं.

भाषेची गोष्ट. आमच्या घरात मराठी, मुलांची आपसातली भाषा हिंदी, आणि नव्या विषयाच्या प्रश्नांचा कागद आला तो इंग्रजीतून हिंदीत केलेला, 'मूत्र-त्याग' वगैरे. मुलींनी ते शब्द खोडले आणि वर्गात ज्या भाषेत एकमेकींना विचारतात तीच लिहिली. नातीने घरी येऊन मला मराठीत वाचून दाखवलं तेव्हा कळलं, 'लघवी' हा शब्द उच्चारायला तिला पंधरा दिवस लागले होते.

मुलगेही होते, पाच. त्यांतल्या एकाने विचारलं की हा विषय आमचा कसा. दुसऱ्या रविवारी तोच सांगत आला की मुलग्यांच्या बाथरूममध्ये एवढा वास येतो की सगळे मैदानाच्या भिंतीमागे जातात, आणि त्याच भिंतीच्या पलीकडे पाण्याची टाकी आहे. हे शोधायला कुणा मोठ्याने सांगितलं नव्हतं.

सगळ्यात मोठं सापडलं ते घंटेबद्दल. केरळच्या शाळांनी 2019 मध्ये पाणी पिण्याची घंटा सुरू केली, मग ती देशभर पसरली. या तीनपैकी एका शाळेतही ती रोज वाजते. घंटा झाली की सगळ्या मुली बाटली उघडतात. आमच्या मुलींनी तीन दिवस शेजारच्या बाकांकडे नुसतं पाहिलं आणि लिहून आणलं: बाटली ओठाला लागते, घोट गिळला जात नाही. बाई दारातून पाहतात, त्यांना मुली पाणी पिताना दिसतात. बाहेरचा संशोधक वही घेऊन आला असता तर त्यानेही तेच लिहून नेलं असतं. हे फक्त शेजारच्या बाकावरच्या मुलीला दिसू शकतं.

सरकारचा राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम 2014 पासून आहे, 10 ते 19 वयाच्या मुलांसाठी, आणि त्यात त्याच वयाचे साथी निवडून इतरांपर्यंत माहिती पोचवतात. चांगलीच गोष्ट आहे. पण तिथे उत्तर आधी ठरलेलं असतं आणि मुलं ते पोचवतात. इथे प्रश्न मुलांकडून निघाला.

संमतीचं काम चोख होतं. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार 12 ते 18 वयाच्या मुलांची स्वतःची लेखी संमती लागते, पालकांची वेगळी. दोन्ही घेतल्या. एका मुलीने बाटली वजन करायला नाही म्हटलं, आणि का, हे तिला कुणी विचारलं नाही. ती शेवटपर्यंत वर्गात राहिली, तक्ते तिनेच रंगवले.

इथपर्यंत सगळं इतकं चांगलं होतं, म्हणून पुढचं जास्त लागलं.

सातव्या आठवड्यात संस्थेने आपल्या पानावर मुलांचा फोटो टाकला. मागे एका शाळेचं फाटक, पाटी वाचता येण्याजोगी. मुलांनी शाळांची नावं कुठेही येणार नाहीत असं वचन मैत्रिणींना दिलं होतं, तेही संस्थेनेच द्यायला लावलं होतं. मी रात्री फोन केला. फोटो दोन दिवसांनी पानावरून हटवला. दोन दिवस फार झाले. एका मुलीला वर्गात उभं करून "तूने क्या बताया?" असं विचारलं गेलं होतं.

आणि शेवटचा रविवार. पाहुणे येणार म्हणून अहवाल छापला, चकचकीत, इंग्रजीत. मुलांची नावं शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत. घंटेचा मुद्दा एका ओळीत उरकला होता आणि बाहेरच्या खाण्यावर दोन पानं होती. मुलांना सादरीकरणाला मिळाली दहा मिनिटं, भाषणांना पाऊण तास. मुलींच्या हातात पुष्पगुच्छ दिले आणि पाहुण्यांच्या दोन्ही बाजूंना उभं केलं. तिसरी पायरी. दुसरीसुद्धा म्हणता येईल. मी उभी राहून हे तिथेच बोलले. पहिल्या रविवारची शिडी आठवते का, असं विचारलं. ताईंचे डोळे भरून आले. मला ते आवडलं नाही, पण गप्प बसणं जमलं नसतं.

पुढच्या आठवड्यात मुलांनी स्वतः हिंदीत चार पानांचा अहवाल हाताने लिहिला, संस्थेने झेरॉक्सचा खर्च दिला. तो घेऊन मुलं आणि आम्ही तीन पालक त्या तीनही शाळांत गेलो. एका ठिकाणी फाटकातूनच परत पाठवलं. दुसरीकडे चहा पाजला आणि कागद ठेवून घेतला. तिसरीकडच्या बाई मात्र मुलींबरोबर उठल्या, बाथरूमपर्यंत गेल्या, आत जाऊन दार लावायचा प्रयत्न केला. ते लागलं नाही. त्याच आठवड्यात कड्या बसल्या.

वर्गात सरांनी पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराची गोष्ट सांगितली होती. होळकरांच्या बोलावण्यावरून ते इंदूरला आले, गल्लीबोळांतून पायी फिरले आणि त्यांचा अहवाल 1918 मध्ये दोन खंडांत निघाला. आधी पाहणी, मग इलाज, हा त्यांचा आग्रह. याच शहराचा 2017 साली स्वच्छ सर्वेक्षणात पहिला नंबर आला आणि पुढे वर्षानुवर्षं येत राहिला. मला त्याचा अभिमान आहे, सकाळी कचरागाडीचं गाणं वाजलं की मी आजही पहिली खाली उतरते. शाळेच्या बाथरूमच्या आत ती पाहणी कधी पोचली नव्हती, ती या बारा जणांनी केली.

मूल पाठवावं का? पाठवा. 13 च्या आतलं नको, नोंदी ठेवायला कंटाळतं. घरात डिजिटल वजनकाटा नसेल तर संस्था देते. दर रविवारी घरी अर्धा तास बसून वही ऐकायची तयारी ठेवा, नुसतं सोडून येऊ नका. आणि नाव घालतानाच विचारा: शेवटचा अहवाल कोण लिहिणार, कोणत्या भाषेत, आणि फोटो कुणाला विचारून लावणार? पुढच्या तुकडीच्या फॉर्मवर या तीन प्रश्नांची उत्तरं छापू असं ताईंनी मला सांगितलं आहे. दिवाळीनंतर ती तुकडी सुरू होते, तेव्हा फॉर्म बघून इथेच लिहीन.

नातीची बाटली कालही काट्यावर होती. पोटात गेलं 410 मिलिलिटर.