३० मीटरची फायबरग्लास टेप: लेसर मीटरच्या आधी हीच घ्या

लँडस्केप डिझाइनच्या कामात नव्याने उतरलेले बहुतेक जण आधी लेसर मीटर घेतात. खोलीत तो झकास चालतो. पण त्याचा ठिपका पडायला समोर काहीतरी लागतं, आणि बागेत भिंती कमी, मोकळी हवाच जास्त. भर उन्हात तर लांबचा ठिपका दिसतही नाही. म्हणून पहिली खरेदी टेपची.

टेप उघड्या रिळाची आणि मुठीची बघा. बंद डबीत माती शिरते आणि रीळ अडकतं. गुंडाळताना ओलं फडकं चिमटीत धरून टेप त्यातून ओढली की काम झालं.

टेपवर रोमन आकड्यात अचूकतेचा वर्ग छापलेला असतो. दुसऱ्या वर्गात ३० मीटरला फार तर सव्वासहा मिमी चूक चालते, तिसऱ्यात साडेबारा. १:१०० च्या नकाशावर ६ मिमी म्हणजे पेन्सिलच्या रेघेहूनही बारीक, त्यामुळे दुसरा वर्ग पुरेसा आहे. फायबरग्लास ताणतं, म्हणून वर छापलेला ताणच द्या. बहुधा २० न्यूटन, म्हणजे साधारण २ किलोची ओढ.

खरा घोटाळा शून्याचा. काही टेपांत शून्य कडीच्या बाहेरच्या टोकाला असतं, काहींत बरंच आत, छापलेल्या रेघेवर. पाकीट फोडताच हे तपासा, नाहीतर सगळीच मापं सारखी चुकतात आणि नकाशा जुळत असल्यामुळे कळतही नाही.

झाडाची जागा पकडायला घराच्या दोन कोपऱ्यांपासून दोन मापं घ्या. दोन्ही रेषा झाडापाशी काटकोनाच्या आसपास मिळाव्यात. कोन ३० अंशांखाली गेला की जरा चुकलं तरी झाड भलतीकडे सरकतं. टेप बुंध्याच्या सालीला टेकते, मध्याला नाही. घेर ९४ सेंमी असेल तर मापात १५ सेंमी मिळवा.

उतारावर टेप जमिनीवर टाकू नका. पाचाला एक चढ असेल तर १० मीटरमागे जवळपास २० सेंमी जादा माप येतं. टेप आडवी धरून ओळंबा सोडत टप्प्याटप्प्याने उतरा.

टेपची खरी खोड वाऱ्यात दिसते. पूर्ण लांबीला मधोमध ६० सेंमीचा फुगा आला तर ३ सेंमी वाढतात. अशा दिवशी १० मीटरचेच तुकडे मोजा.