कपॅसिटर गेला होता, मी अख्खा एसी देऊन बसले

28,448 रुपये. आकडा आधीच लिहून टाकते, कारण गेला महिनाभर नातेवाइकांना तो सांगताना मी दरवेळी पाच-सात हजार कमी करून सांगितला. लाज वाटत होती. आता लाज बाजूला ठेवून लिहितेय, कारण एसी दुरुस्तीच्या नावाखाली मला फसवणारी टोळी आमच्या भागात अजून फिरते आहे.

एप्रिल 2025. विदर्भातला एप्रिल कसा असतो ते इकडच्या लोकांना सांगायला नको. पारा 44 च्या पुढे, आणि घरात सासरे अर्धांगवायूने अंथरुणावर. पाठीला जखमा झालेल्या. त्यांच्याच खोलीत दीड टनाचा स्प्लिट एसी, 2021 मध्ये 33,990 रुपयांना घेतलेला, साधा, इन्व्हर्टर नसलेला. 10 एप्रिलला दुपारी तो नुसतीच गरम हवा फेकायला लागला. "चार दिवस कूलर लावून धीर धरायचा होता" असं मला नंतर अनेकांनी ऐकवलं. त्यांनी त्या जखमा पाहिलेल्या नाहीत.

मोबाइलवर कंपनीचं नाव आणि 'कस्टमर केअर' असं टाकलं. सगळ्यात वर जो नंबर आला तो लावला. इथेच पहिलं चुकलं. नंबर वॉरंटी कार्डावर छापलेला होता, कार्ड कपाटात होतं, आणि मी फोनमध्ये शोधत बसले. कंपनीचा नंबर कार्डावरून, बिलावरून नाहीतर एसीच्या अंगावरच्या स्टिकरवरून घ्या. शोधून वर येणारा पहिला नंबर हा बऱ्याचदा पैसे देऊन वर आणलेला असतो.

फोनवरच्या मुलाने अगदी नम्रपणे विचारलं, "काकू, बाहेरचा पंखा फिरतोय ना? आणि घूं असा आवाज येऊन टक् करून बंद पडतं का?" मी म्हटलं, हो, अगदी तसंच. मला वाटलं, काय हुशार पोरगा आहे. हुशार होताच. बिघाड काय आहे ते त्याला फोनवरच कळलं होतं, हे मला तीन आठवड्यांनी समजलं.

तासाभरात दोघं आले. अंगावर कंपनीचं चिन्ह असलेले टी-शर्ट. व्हिजिट चार्ज 499. एकाने बाल्कनीतल्या युनिटला गेजचा, म्हणजे गॅसचा दाब दाखवणाऱ्या काट्याचा, पाइप लावला आणि मला बोलावून काटा दाखवला. शून्य. "काकू, गॅस पूर्ण उडाला."

आता जे लिहितेय ते मला रोज रात्री आठवतं. मी तिथेच उभी होते, तीन फुटांवर. दुसऱ्याने सिलिंडर आणून खाली ठेवला, पाइप जोडला. पहिला वाकला आणि युनिटकडचं पाइपचं टोक त्याने अर्धा फेरा आणखी आवळलं. काटा झरकन वर चढला. सिलिंडरचा वॉल्व्ह तेव्हा बंद होता. बंद होता, कारण तो उघडायला दुसरा मुलगा त्यानंतर खाली बसला. मी पाहिलं. डोळ्यांनी पाहिलं. क्षणभर मनात आलंसुद्धा की अजून काही भरलंच नाही, मग काटा कशाने हलला? तेवढ्यात आतून सासऱ्यांनी हाक मारली आणि मी आत गेले.

गॅस होताच. पाइप अर्धवट फिरवला की तोंडाशी असलेली पिन दाबली जात नाही आणि काटा शून्यावर राहतो, एवढाच तो हातखंडा. एसीतला गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. नळी बंद असते, तोच गॅस फिरत राहतो. कमी झाला तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता जो गॅस भरायला बसतो त्याला दारातूनच परत पाठवा. खरी पद्धत वेळखाऊ आहे: आधी नायट्रोजनने दाब देऊन साबणाच्या फेसाने सांधे तपासायचे, मग व्हॅक्यूम पंप लावून नळीतली हवा आणि ओल काढायची, मग सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून मोजून गॅस सोडायचा. किती ग्रॅम, ते बाहेरच्या युनिटच्या पट्टीवर छापलेलं असतं. माझ्याकडे सगळं उरकायला दहा मिनिटंही लागली नाहीत. वजनकाटा नाही, पंप नाही. 3,200 रुपये. आणि एसी थंड झाला! खोली गार पडली, सासऱ्यांना झोप लागली, मी त्या पोरांना सरबत दिलं. एसी थंड झाल्यावर कोण कशाला शंका घेईल, तुम्हीच सांगा.

18 एप्रिलला पुन्हा तेच. घूं, टक्, बंद. पुन्हा तेच दोघं, पुन्हा 499. या वेळी मीटर काढलं. कॉम्प्रेसरच्या, म्हणजे गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाच्या, टोकांना वायरी लावून बीप ऐकवली. "ऐकलं? शॉर्ट आहे. कॉम्प्रेसर गेला." मीटर वाजलं म्हणजे काहीतरी बिघडलं असणार, असं मला वाटलं. प्रत्यक्षात त्या तीन टोकांत एकमेकांमध्ये बीप आली तर आतली वाइंडिंग, म्हणजे तारेची गुंडाळी, तुटलेली नसते. टोक आणि कॉम्प्रेसरची बॉडी यांच्यामध्ये बीप आली, तर कॉम्प्रेसर गेला. त्याने बॉडीला वायर लावलीच नव्हती.

मी वॉरंटीचं विचारलं. हे मात्र मी विचारलं होतं. कार्डावर कॉम्प्रेसरला 10 वर्षं लिहिलेली. तर म्हणाला, "बाहेरून गॅस भरला की वॉरंटी बाद होते, काकू." बाहेरून! आठ दिवसांपूर्वी कंपनीचा माणूस म्हणून त्यानेच भरलेला गॅस. मला तिथे त्याची कॉलर धरायला हवी होती. पण माझं अर्धं लक्ष आतल्या खोलीत होतं आणि उरलेल्या अर्ध्याने मी हिशेब करत होते. कॉम्प्रेसर 13,500, त्यावर पुन्हा गॅस 3,200, म्हणजे 16,700. जुन्या मशीनवर एवढा खर्च? नव्याच्या किमतीच्या निम्म्याच्या आसपास दुरुस्ती गेली की बदलून टाकावं, असं सगळेच म्हणतात, आणि मीही हा हिशेब करूनच शहाणपणाने निर्णय घेतला असं मला वाटलं. हिशेब चुकला नव्हता. त्यात टाकलेला 16,700 हा आकडाच खोटा होता आणि तो मला देणारा माणूसच दोन्हीकडून कमावणार होता. दुरुस्ती की बदली हे ठरवण्याआधी बिघाड दुसऱ्या, ज्याला तुम्हाला काही विकायचं नाही अशा माणसाकडून तपासून घ्या. त्यासाठी पाचशे रुपये गेले तरी चालतील.

19 एप्रिलला 'कंपनी रिफर्बिश्ड', म्हणजे कंपनीने दुरुस्त केलेलं जुनं, मशीन आलं. किंमत 27,500, जुन्याचे 6,500 वजा, म्हणजे 21,000. बसवणावळ 1,500. वाढीव कॉपर पाइप 1,750. पैसे यूपीआयने. स्क्रीनवर सर्व्हिस सेंटरचं नाव नव्हतं, कुठल्याशा बाईचं नाव होतं. "मॅडमचं अकाउंट आहे," म्हणाला. माझा चांगला एसी त्यांनी टेम्पोत घातला आणि नेला.

अकरा दिवस. 30 एप्रिलला ते मशीन बंद पडलं आणि फोनही बंद.

मग मी कार्ड काढलं आणि खऱ्या कंपनीचा माणूस आला. त्याने बाहेरच्या युनिटची पट्टी बोटाने चोळली. वरून रंग मारलेला, उत्पादनाचं वर्ष घासून काढलेलं, खाली आर-22 एवढं मात्र वाचता येत होतं. ओझोनला घातक म्हणून हटवला जातोय तोच जुना गॅस. पुढच्या तोंडावर फाइव्ह स्टारचं लेबल चकचकीत, पण त्यावरचा मॉडेल नंबर आणि पट्टीवरचा नंबर वेगळा. हे दोन नंबर मला दोन मिनिटांत ताडून बघता आले असते.

नंतर बाल्कनी झाडताना तुळशीच्या कुंडीमागे एक डबी सापडली. अ‍ॅल्युमिनियमची, मुठीत मावेल एवढी, वरचं तोंड फुगलेलं, अंगावर 45 मायक्रोफॅरड (वीज साठवायची क्षमता) लिहिलेलं. तिचा फोटो त्या तंत्रज्ञाला पाठवला, दुसऱ्या दिवशी तो जाता जाता येऊन मीटर लावून गेला. 45 च्या जागी 9. कॉम्प्रेसरला सुरू व्हायला लागतो तो कपॅसिटर. म्हणजे 10 एप्रिलला त्यांनी गॅसच्या नावाखाली हाच बदलला होता, आणि बहुधा दुसरा टाकला तोही मरतुकडा, म्हणजे आठ दिवसांत पुन्हा बोलावणं येईल. नवा 350 रुपयांना मिळतो. (स्वतः हात लावू नका. बंद एसीतही त्यात वीज साठलेली असते.) काढलेला प्रत्येक जुना भाग मागून घ्या, समोर ठेवायला सांगा.

आता पोलीस ठाणं. ठाणे अंमलदारांनी माझा अर्ज न वाचता विचारलं, "पैसे तुम्हीच दिलेत ना? मग दिवाणी बाब आहे." सायबरवाल्यांकडे जा म्हणाले. तिथे गेले तर, "ओटीपी दिला होता का? नाही? मग हे सायबरमध्ये बसत नाही." परत ठाण्यात. मग हद्दीचा प्रश्न, कारण बिलावरचा पत्ता दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत. मी त्या पत्त्यावर स्वतः गेले, तिथे झेरॉक्सचं दुकान आहे. बिलावरचा जीएसटी क्रमांक मी घरी बसून मोजला: 27 ने सुरू होतो, पण अक्षरं 14. खरा 15 अक्षरी असतो. हे सगळं कागदावर लिहून नेलं तर एक साहेब म्हणाले, "मॅडम, शिकलेल्या दिसता, मग असं कसं झालं?" मी नऊ फेऱ्या मारल्या. दरवेळी सासऱ्यांपाशी शेजारच्या ताईंना बसवून. बँकेच्या शाखेत उत्तर एकच: व्यवहार तुमच्या पिनने झाला, आम्ही काही करू शकत नाही. शेवटी मिळाली ती एनसी, म्हणजे अदखलपात्र. 28,448 रुपयांची ठरवून केलेली लूट अदखलपात्र!

ही भारतीय न्याय संहितेच्या कलम 318(4) खालची फसवणूक आहे, म्हणजे दखलपात्र, आणि हद्द कुठलीही असली तरी ठाण्याला तक्रार नोंदवावीच लागते, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 तसं सांगतं. मला हे सातव्या फेरीनंतर एका वकील भाच्याने सांगितलं. ठाण्यात ऐकत नसतील तर 173(4) खाली पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका. पैसे गेल्याचं त्याच दिवशी कळलं तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. उशीर झाला की पैसे पुढे सरकतात, माझे तसेच सरकले. ग्राहक हेल्पलाइन 1915. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षं. पण समोरच्याचा खरा पत्ता हवा, म्हणून पैसे देण्याआधीच ओळखपत्राचा, गाडीच्या नंबरचा फोटो घ्या. मी टेम्पोचा घेतला नाही. एसी जाताना मी गॅलरीतून बघत उभी होते आणि फोन हातात होता.

परवा भाचीच्या फोनवरून मी तोच नंबर लावला. चालू झालाय. रेकॉर्डिंग सुरू केलं आणि एवढंच म्हटलं, एसी थंड होत नाहीये. आवाज तोच, तसाच नम्र.

"काकू, बाहेरचा पंखा फिरतोय ना?"

ते रेकॉर्डिंग आणि फुगलेल्या कपॅसिटरचा फोटो काल अधीक्षक कार्यालयातल्या अर्जाला जोडला आहे. पोच माझ्याकडे आहे.