गंज दाखवला, शिसं म्हणून सांगितलं

गेल्या वैशाखात दोन मुलं मोटारसायकलवरून आमच्या वस्तीवर आली. गळ्यात ओळखपत्रं, पाठीला बॅगा. "मावशी, पाण्याची मोफत तपासणी चालू आहे." आईनं सतरंजी टाकली, चहा ठेवला.

एका ग्लासात आमच्या बोअरचं पाणी, दुसऱ्यात त्यांच्या बाटलीतलं. दोन्हींत सळ्या सोडल्या, प्लग लावला. मिनिटभरात आमचं पाणी पिवळं, मग तपकिरी-हिरवट झालं, वर घाण फेस आला. त्यांचं पाणी नितळच. "हे शिसं, हे आर्सेनिक. रोज पोटात जातंय." वहिनीला तेव्हा सातवा महिना होता. आई त्या ग्लासाकडे बघून रडायलाच लागली. अण्णांनी बियाण्याला ठेवलेले 18,500 रुपये त्याच दुपारी फिल्टरसाठी मोजून दिले. पावतीवरचा नंबर आठवड्यात बंद झाला.

तालुक्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या सरांना मी हे सांगितलं. त्यांनी डिस्टिल्ड वॉटरमध्ये दोन लोखंडी सळ्या सोडून बॅटरी जोडली. काहीच झालं नाही. मग चिमूटभर मीठ टाकलं, आणि डोळ्यांदेखत तेच तपकिरी पाणी! क्षार असले की पाण्यातून वीज वाहते आणि सळीचं लोखंड झिजून गंज उतरतो. त्या मुलांच्या बाटलीत क्षार काढून टाकलेलं आरओचं पाणी होतं, म्हणून ते नितळ राहिलं. आई रडली ती सळीच्या गंजाला.

आमच्याकडे त्यांनी पेनासारखा टीडीएस मीटरही बुडवला होता. तो एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो, शिसं वेगळं ओळखत नाही. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे. त्याच्या दसपट विष असलं तरी मीटरवरच्या तीनशे-चारशेच्या आकड्यात ते कळणारही नाही. आणि आर्सेनिकला ना रंग, ना वास, ना चव.

नंतर आम्ही एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत नमुना दिला. बाटली त्यांच्याकडूनच घ्या. धातूंच्या नमुन्यात नायट्रिक ॲसिड घालावं लागतं, नाहीतर धातू बाटलीच्या कडांना चिकटतात. शिसं, आर्सेनिक, कॅडमियम तपासायचंय हे वेगळं सांगा, साध्या तपासणीत ते धरलेलं नसतं. आमच्या अहवालात तिन्ही मर्यादेच्या आत निघाले. पाणी जड आहे, एवढंच.

परवा शेजारच्या वाडीत तशीच दोन मुलं आल्याचं कळलं. तुमच्या दारी आली तर त्यांच्याच बाटलीतल्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकायला सांगा, आणि मग प्लग लावू द्या.