स्ट्रोकच्या पेशंटसाठी घरी येणारे डेंटिस्ट, नागपूर : आमचा अनुभव (५ पैकी ४ स्टार)

बाबा ७४ वर्षांचे, फेब्रुवारीत स्ट्रोक झाला, उजवी बाजू गेली. दवाखान्यातून सुट्टी देताना गोळ्या, बीपी, फिजिओ सगळं समजावून सांगितलं पण तोंडाबद्दल कोणी एक शब्द काढला नाही, आणि आम्हालाही नाही सुचलं. तीन महिन्यांत तोंडाचा इतका वास यायला लागला की नातू जवळ बसेना, ताट अर्ध्यावर सोडून द्यायचे, आम्हाला वाटलं मनच नाही लागून राहिलं त्यांचं. मग शेजारच्या काकूंनी या सर्व्हिसचा नंबर दिला.

मॅडम आल्या, कपाळाला लाइट लावला आणि आधी बाबांनाच विचारलं, "काका, दुखते का जी?" त्यांना बोलता येत नाही नीट, तरी ते मान हलवेपर्यंत थांबल्या. मला इथेच भरून आलं, कारण बाकी सगळे आमच्याशीच बोलतात. मग बोटाला गॉज गुंडाळून उजवा गाल ओढला तर आतून सकाळच्या पोळीचा लगदा आणि आदल्या दिवशीची संत्राबर्फी निघाली (भेटायला येणारा प्रत्येकजण बर्फीच आणतो नं). त्या बाजूला जीभ पोचत नाही, गालाला काही अडकलंय हे कळतच नाही, म्हणून तिथेच सडून राहिलं होतं. खालच्या दोन दाढा किडलेल्या, हिरड्यांतून रक्त, आणि वजन उतरल्यामुळे वरची कवळी ढिली होऊन टाळूला जखम. गिळायला त्रास असला की ही घाण लाळेसोबत फुफ्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो हे मॅडमनी सांगितलं तेव्हा माझे हातपायच गळाले.

एक दाढ काढावी लागली. आम्ही रक्त पातळ करायची गोळी आपल्या मनानेच बंद करणार होतो, मॅडमनी साफ नाही म्हटलं, न्यूरोच्या डॉक्टरांशी फोनवर बोलल्या आणि गोळी चालू ठेवूनच दाढ काढली, टाका घातला, गॉज दाबून स्वतः बसून राहिल्या.

ब्रश कसा करायचा तेही माझ्याकडून करवून घेतलं. सरळ बसवायचं, हनुवटी थोडी खाली, पेस्ट वाटाण्याएवढी, चूळ भरता येत नाही तर ओल्या गॉजने पुसून घ्यायचं, प्रत्येक जेवणानंतर उजव्या गालात बोट फिरवायचं, कवळी रात्री काढून पाण्यात. ब्रशच्या दांड्याला सायकलची रबरी ग्रिप बसवायची आयडिया त्यांचीच, इतवारीतून आणली, आता बाबा डाव्या हाताने समोरचे दात स्वतः घासतात!

एक स्टार कमी कारण ११ ची वेळ देऊन दीड वाजता आले, मे महिन्यात, बाबा तोवर उपाशी. आणि एक्स-रे घरी होत नाही, त्यासाठी क्लिनिकमध्ये न्यावंच लागलं, तिथे चार पायऱ्या, व्हीलचेअर उचलून न्यावी लागली.

कोणाच्या घरी स्ट्रोकचा पेशंट असेल तर आमच्यासारखे तीन महिने थांबू नका, घरी आणल्या आणल्या पहिल्याच आठवड्यात बोलवा. आमची पुढची व्हिजिट १८ तारखेला आहे, नव्या कवळीचं माप घ्यायला.