सोसणाऱ्यांच्या कथा: काही महिने उशाशी असलेला यिडिश संग्रह

आर्विंग हाउ आणि एलिएझर ग्रीनबर्ग यांनी संपादित केलेला 'अ ट्रेझरी ऑफ यिडिश स्टोरीज' (१९५४) हा यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतल्या, कथांच्या इंग्रजी अनुवादांचा जाडजूड संग्रह गेले कित्येक महिने वाचतोय. काही कथा चाळून सोडल्या, दोन मात्र पुन्हा पुन्हा वाचल्या. या दोन कथांसाठीसुद्धा हे पुस्तक घ्यावं, असं मनापासून वाटतं.

पहिली आय. एल. पेरेत्झची, १८९४ सालची. तिचा नायक बोंत्शे हा एक हमाल. सावत्र आई बुरसलेला पाव देते, दारुडा बाप हिवाळ्यात रात्री घराबाहेर काढतो, पोटच्यासारखं वाढवलेलं पोर हाकलून देतं. हा तोंडातून ब्र काढत नाही. मेल्यावर थडग्यावरची फळीही वाऱ्याने उडते आणि थडगी खणणाऱ्याची बायको ती जाळून बटाटे उकडते. स्वर्गात मात्र त्याच्यासाठी कर्णे वाजतात. खटल्यात फिर्यादी पक्षालाही बोलायला काही उरत नाही. न्यायाधीश म्हणतो, सगळा स्वर्ग तुझा, हवं ते माग. बोंत्शे मागतो रोज सकाळी ऊन पाव आणि ताजं लोणी. देवदूत शरमेने माना खाली घालतात.

आपल्याकडे अशाला देवमाणूस म्हणून हात जोडतात. मला इथे पेरेत्झचा संताप ऐकू येतो. त्याने स्वतः वकिली केली होती, खटल्याचा थाट त्याला ठाऊक होता. त्याचा न्यायाधीशच सांगतो की तू ओरडला असतास तर बायबलमधल्या यरीहो नगराच्या भिंती कोसळल्या असत्या, पण ते तुला कळलंच नाही. इतकं सोसलं की मागायचं म्हणजे काय तेच उरलं नाही.

दुसरी आयझॅक बाशेव्हिस सिंगरची, सॉल बेलोने अनुवादलेली 'गिम्पेल द फूल'. फ्राम्पोलचा हा अनाथ भटारी, सगळं गाव त्याला फसवतं. बायको एल्काची मुलंही त्याची नाहीत, हे ती मरताना सांगते. सैतानाच्या नादाने तो कणकेत लघवी ओततो, आणि मग स्वप्नात एल्का दिसल्यावर ते सगळे पाव गोठलेल्या जमिनीत पुरून टाकतो. सूड भाजून तयार होता, त्याने तो वाटला नाही. नम्रता मला इथे दिसते, बोंत्शेत नाही.

हाउ प्रस्तावनेत दुर्बळांच्या सत्त्वाला यिडिश साहित्याचा गाभा मानतो. गिम्पेलपुरतं ते पटतं, बोंत्शेला तो न्याय लावायला मी तयार नाही. प्रस्तावना दीर्घ आहे, उत्तमही आहे. पण या दोन कथा लागोपाठ वाचल्यावरच ती उघडा.